पेट्रोलची वाट आणि कोळशाची भट्टी

भंडारा जिल्ह्याचा जो पूर्वेकडील भाग १ मे १९९९ पासून गोंदिया जिल्हा म्हणून वेगळा झाला, त्यांतील तिरोडा तालुक्यांत बोदलकसा नांवाचें गांव आहे. सालेकसा, दरेकसा, बोदलकसा अशीं एकाच वळणाचीं नांवें ह्या मुलखांत ऐकूं येतात. मातीचा बांध घालून १९१७ सालीं येथें तलाव करण्यांत आला. खालीं धानाच्या बांध्या आणि पाठीशीं नागझिऱ्याचें अरण्य, असा ह्या भागाचा देखावा आहे. मोटारगाडीच्या इतिहासास आरंभ करावयाचा तो अशा ठिकाणापासून, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. मोटार ही मुंबई-पुण्याची, किंवा फार तर नागपूरची मिरास. जंगलाच्या कडेवरील गांवाचा तिच्याशीं संबंध काय? संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. ज्या वर्षीं बोदलकशाचा बांध पुरा झाला त्या सुमारास हिंदुस्थानांतील मोटारींचें पेट्रोल बहुतांशीं ब्रह्मदेशांतून, नाहीं तर त्याहूनहि दूरच्या देशांतून येत असे. पुढें पंचवीस वर्षांनीं असा एक काळ आला कीं, शहरांतील पेट्रोल आटलें आणि मोटारीचें अन्न अशाच अरण्यांत भट्ट्या लावून तयार होऊं लागलें. त्या काळांत जुन्या गाड्यांचे अवयव बदलून त्यांना हें नवें अन्न पचविण्यास शिकविण्यांत आलें. तें त्यांना कितपत पचलें, कोठें अडलें, आणि अडलें म्हणजे मिस्त्री लोक त्याचा छडा कसा लावीत, ही हकीकत आज बहुतेक विस्मृतींत गेली आहे.

ती समजण्यास प्रथम पेट्रोलची वाट ठाऊक असली पाहिजे. टांकींतून निघालेलें पेट्रोल बारीक नळीनें, गाळणींतून, कार्ब्युरेटर नांवाच्या पात्रांत येतें. त्या पात्रांत बुचाचा अथवा पितळेचा एक तरंगता गोळा असतो. घरच्या पाण्याच्या टांकींतील गोळा जसा पाणी भरतांच वर चढून नळ बंद करतो, तसाच हा गोळा वर चढून एका सुईनें पेट्रोलची वाट बंद करतो, आणि पेट्रोल खर्च होतांच खालीं येऊन ती मोकळी करतो. पात्रांतून एका सूक्ष्म छिद्रावाटे पेट्रोल उडतें, आणि त्याच्या एका वजनास सुमारें पंधरा वजनें हवा ह्या प्रमाणानें मिसळून तें इंजिनांत जातें. हवा अधिक झाली कीं गाडी खोंकते व दम सोडते; पेट्रोल अधिक झालें कीं काळा धूर निघतो. सगळी कथा येवढीच आहे. परंतु ह्या वाटेवरील प्रत्येक वस्तु शेजारच्या वस्तूच्या मापानें घडविलेली असते. म्हणूनच जुन्या गाडींत नवा भाग बसविल्यावर गाडी अडली, तर त्या नव्या भागास शिव्या देऊन भागत नाहीं. पुष्कळदां भाग निर्दोष असतो, शेजारीहि निर्दोष असतो. बिघाड असतो तो त्या दोघांच्या नव्या शेजारांत.

हेन्री फोर्डच्या ज्या मॉडेल टी नांवाच्या गाड्या १९०८ ते १९२७ ह्या काळांत दीड कोटि निघाल्या, तिला पंप नव्हता. टांकी बहुधा पुढच्या बैठकीखालीं असे आणि पेट्रोल आपल्या भारानें इंजिनाकडे वाहात येई. सपाटीवर ही व्यवस्था नामी होती. परंतु मोठा चढ लागला व टांकींत पेट्रोल थोडें असलें, कीं इंजिन टांकीपेक्षां उंच होई आणि गाडी उभी राही. मग चालक गाडी फिरवून मागच्या अंगानें चढ चढे. पाहणारास ती चेष्टा वाटे. पण पाणी उताराकडे वाहतें हा मराठी तिसरीचा धडा त्या चालकास पक्का येत होता येवढेंच. जुन्या गाड्यांच्या टांकीच्या झांकणास एक बारीक भोंकहि असे. पेट्रोल जितकें खालीं जाईल तितकी हवा त्यांतून आंत यावयाची. झांकण हरवलें आणि दुसऱ्या कोठल्या तरी डब्याचें भोंक नसलेलें झांकण घट्ट बसविलें, कीं गाडी कांहीं अंतर नीट चाले आणि मग मरे. झांकण उघडतांच हवा आंत शिरल्याचा फुस्कारा येई व गाडी पुन्हा तितकीच धांवे. नळी फुंकून झाली, गाळणी धुऊन झाली, कार्ब्युरेटर दोनदां उकलला, तरी मालकाच्या ध्यानांत येत नसे कीं, आपण बदललेली वस्तु पेट्रोलच्या वाटेवर नव्हतीच. ती हवेच्या वाटेवर होती.

पुढें टांकी गाडीच्या मागच्या टोकास गेली. पेट्रोल आतां उतारानें येईना, म्हणून इंजिनाच्या स्वतःच्या शोषणानें तें ओढून घेणारी एक लहान टांकी इंजिनाजवळ बसवूं लागले. मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ सालीं सुरू झाला, त्या सुमारापर्यंत पुष्कळ अमेरिकन गाड्यांत हीच योजना असे. हिचा दोष निराळाच. लांब चढावर चालक पाय दाबून धरी तेव्हां इंजिनाचें शोषण मंदावे, आणि जेथें पेट्रोल सर्वांत अधिक हवें तेथेंच तें येणें थांबे. जाणते चालक चढाच्या मध्यावर क्षणभर पाय उचलीत, तेवढ्यांत लहान टांकी भरून घेत. १९२९ च्या शेव्हरोलेंत यंत्रानें हलणाऱ्या पडद्याचा पंप आला, आणि थोड्याच वर्षांत तो सर्वत्र झाला.

येथून जुन्या गाड्यांत नवे भाग घालण्याची खरी हौस सुरू झाली. उतारानें पेट्रोल घेणाऱ्या गाडीला पंप जोडला म्हणजे तिचें दैन्य फिटलें, असें मालकास वाटे. परंतु उतारानें येणाऱ्या पेट्रोलचा दाब अगदीं थोडा असतो, चौरस इंचास पौंडभरसुद्धां नाहीं; पंपाचा त्याच्या तिप्पट-चौपट. जुन्या कार्ब्युरेटरची सुई त्या थोड्या दाबासाठींच केलेली. पंपापुढें तिचें कांहीं चालत नसे. गोळा वर चढूनहि पेट्रोल आंत घुसे, पात्र भरून वाहे आणि गरम इंजिनावर टपटप गळे. आग लागण्यास आणखी काय पाहिजे? मालक म्हणे कीं कार्ब्युरेटर बिघडला. तो बिघडलेला नसे. त्याला त्याच्या ताकदीबाहेरचें काम सांगितलेलें असे.

विदर्भाच्या उन्हाळ्यानें ह्यांत आपली भर घातली. वैशाखांत इंजिनाजवळून जाणारी नळी इतकी तापते कीं पेट्रोलची नळींतच वाफ होते. पंप वाफ ढकलीत बसतो आणि पात्र कोरडें राहतें. पंपावर ओलें फडकें गुंडाळून झाडाखालीं अर्धा तास बसणें हा त्यावरचा उपाय, आणि तो आजहि जुन्या गाड्यांना लागूं पडतो. नव्या नळीला मूळच्यापेक्षां जवळची वाट दिली, इंजिनाला चिकटून नेली, कीं पूर्वी कधीं न अडलेली गाडीहि ह्या दोषानें अडूं लागते.

हे सर्व किरकोळ अपघात म्हणावयाचे. सबंध वाटच बदलण्याचा प्रसंग दुसऱ्या महायुद्धानें आणला. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. १९४२ च्या मार्चमध्यें रंगून पडलें, आणि एप्रिलांत माघार घेणाऱ्या इंग्रजांनीं येनांज्याउंगच्या तेलविहिरी आपल्याच हातांनीं उद्ध्वस्त केल्या. आसामांत दिग्बोईचा शुद्धीकरणाचा कारखाना १९०१ पासून चालूं होता खरा, परंतु त्याच्यानें येवढ्या देशाची तहान भागण्यासारखी नव्हती. जें पेट्रोल मिळे त्यावर पहिला हक्क लष्कराचा. खासगी गाड्या ठोकळ्यांवर चढल्या. त्यांचें कांहीं विशेष वाईट वाटून घेण्याचें कारण नाहीं. परंतु तालुक्याच्या गांवाहून खेड्यापाड्यांस जाणाऱ्या सर्व्हिस मोटारींचें तसें नव्हतें. बाळंतपणास अडलेली बाई, साप चावलेला गडी, बाजारचा माल, ह्या सर्वांना जंगलांतल्या गांवाहून दवाखान्यापर्यंत किंवा आगगाडीपर्यंत आणणारें तेंच एक जलद वाहन होतें. तें थांबलें म्हणजे पुन्हा बैलगाडी, आणि पुन्हा रात्रभरचा रस्ता.

ह्यावर तोड निघाली ती कोळशाच्या गॅसची. ती हिंदुस्थानची नव्हे. जॉर्ज इंबर नांवाच्या फ्रेंच एंजिनियरनें दोन महायुद्धांमधील काळांत लांकडापासून गॅस काढून मोटार चालविण्याची भट्टी सिद्ध केली होती. युद्धांत तेल बंद होतांच स्वीडनमध्यें सत्तर हजारांच्या वर आणि जर्मनींत लाखोंनीं गाड्या अशा भट्ट्यांवर चालूं लागल्या. इकडे मदुरेच्या टी. व्ही. सुंदरम् अय्यंगार यांच्या कंपनीनें कोळशाच्या गॅसचें यंत्र काढलें, इतर ठिकाणींहि निघालीं, आणि मोटारीच्या पाठीशीं उंच लोखंडी पिंप लोंबूं लागलें.

त्या पिंपाचें कार्य असें. कोळशाच्या दाट थरांत खालून थोडीच हवा सोडली, तर तळाशीं कोळसा पूर्ण जळून जी कर्बाम्लवायु निघते ती वरच्या लालभडक कोळशांतून जातांना पुन्हा जळण्यास योग्य होते. तिलाच कार्बन मोनॉक्साइड म्हणतात. कोळशांतील ओलाव्यापासून थोडा हायड्रोजन मिळतो. परंतु हवेंतील नायट्रोजन कांहीं कामाचा नसून तोहि बरोबर येतो, आणि तयार गॅसचा निम्म्याहून अधिक भाग तोच असतो. ही गॅस थंड करावयाची, गाळावयाची आणि इंजिनांत सोडावयाची. एक गॅलन पेट्रोलचें काम करण्यास सुमारें १२ ते १५ पौंड कोळसा लागे. हिशेबानें तें स्वस्त पडे. परंतु गाडीची ताकद एक तृतीयांशानें तरी उतरे, आणि चढावर उतारूंना खालीं उतरून चालावें लागे. ढकलावेंहि लागे.

पहांटे क्लीनरनें पिंपांतील राख काढून, कोळसा भरून, चिंधी पेटवून आंत सारावयाची आणि हातपंखा फिरवीत बसावयाचें. दहा मिनिटांनीं नळीच्या तोटीशीं काडी लावून पाहावयाची. ज्योत पिवळी व भुरभुरती असली तर अजून थांबा. निळसर होऊन स्थिर जळूं लागली म्हणजे गॅस पिकली. मग रेशनच्या पेट्रोलांतील चार थेंब खर्चून इंजिन चालूं करावयाचें आणि हळूहळू तें गॅसवर वळवावयाचें. येथें प्रमाण साफ बदलतें. पेट्रोलच्या एका वजनास पंधरा वजनें हवा लागते, तर ह्या गॅसला जवळ जवळ तिच्याच घनफळाइतकी हवा पुरते. पेट्रोलवर वाढलेल्या चालकाचा हात हवेची झडप सवयीप्रमाणें मोकळी सोडी, आणि गाडी मरे. यंत्र वाईट आहे अशी ओरड होई; यंत्र बरें असे, हात जुना असे. गॅस सावकाश जळते म्हणून ठिणगी अगोदर पाडावी लागे. तेंहि पुष्कळांस उशीरा कळलें.

परंतु खरे दोष वाटेवरचेच होते. भट्टींतून इंजिनाकडे येणारी गॅस कोणी ढकलीत नसे, इंजिन ती ओढून घेई. त्यामुळें नळीच्या जोडांत कोठें बारीकशी फट असली तर गॅस बाहेर येत नसे. उलट हवा आंत जाई. गळती दिसावयाची कशी? पेट्रोल गळलें तर ओल दिसते, वास येतो. येथें कांहींच नाहीं, केवळ गाडी दुबळी. अनुभवी मिस्त्री जोडाजोडांवर ओली माती थापून पाही, आणि ज्या जोडावर माती थापल्याबरोबर इंजिनाचा आवाज भरे तो जोड धरी. दुसरा दोष उताराचा. लांब उतारावर इंजिन नुसतें फिरत राही, ओढ कमी होई, भट्टी मंदावे, आणि पायथ्याशीं पुढचा चढ समोर येई तेव्हां गॅस निर्जीव झालेली असे. शोषणाच्या टांकीचा जुना रोग नव्या देहांत पुन्हा प्रकट झाला तो असा. तिसरा दोष गाळणीचा. कोळशाची धूळ गाळणींत सांचली कीं वाट बंद, आणि गाळणी फाटली कीं तीच धूळ इंजिनांत जाऊन सिलिंडर झिजवी. गाडी चांगली ओढूं लागली म्हणून चालक खूष होई, तेव्हां गाळणी फाटलेली तर नाहीं ना, हें पाहण्याची ती वेळ असे.

आणि कोळसाहि हवा तो हवा. धावड्याचा किंवा खैराचा कठीण, नीट जाळलेला कोळसा उत्तम. अर्धवट जळलेल्या कोळशांतून डांबर निघे. तें थंड नळींत गोठे, झडपांच्या दांड्यांस चिकटे, आणि सकाळीं झडप हालेना. गोंदियाच्या बाजूस भाताच्या गिरण्या पुष्कळ. त्यांच्या दारांत तुसांचे डोंगर. हेंच भट्टींत कां घालूं नये, असें कोणाच्याहि मनांत यावें. परंतु तुसाचा सुमारें पांचवा हिस्सा राखच असते, आणि ती बहुतेक वाळूच्याच जातीची; मोटारीच्या लहान भट्टीचा गळा तिनें बघतां बघतां बसावयाचा. धान पिकविणाऱ्या मुलखाला आपल्या मोटारीसाठीं धानाच्या तुसाकडे नव्हे तर पाठीमागच्या जंगलाकडेच पाहावें लागलें. त्या जंगलावर युद्धानें काय ओझें टाकलें असेल, तें सर्व्हिस मोटारींत बसणारास दिसत नव्हतें.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. चालत्या गाडींत ओढ आंतल्या बाजूस असते तोंवर धोका थोडा. परंतु इंजिन थांबलें तरी भट्टी धुमसतच राहते, आणि मग गॅस बाहेर पडूं लागते. थंडीच्या रात्रीं ऊब मिळते म्हणून गाडींत पिंपाजवळ झोपणारा, किंवा दार लावलेल्या गॅरेजांत भट्टी पेटविणारा मनुष्य डोकें दुखतें म्हणून आडवा होई, आणि पुष्कळदां पुन्हा उठत नसे. स्वीडनसारख्या शिस्तीच्या देशांतहि ह्या विषबाधेनें माणसें दगावलीं. पेट्रोलच्या वाटेवरील चूक गाडीला भोंवत असे. ह्या वाटेवरील चूक माणसाला भोंवूं लागली, आणि ती बहुधा मालकाला नव्हे तर गाडींतच निजणाऱ्या क्लीनरला.

युद्ध संपलें. पेट्रोल हळूहळू पुन्हा मिळूं लागलें, आणि पिंपें उतरविण्यांत आलीं. आतां गाड्या पूर्ववत् चालाव्या, अशी सर्वांची अपेक्षा. परंतु चारपांच वर्षें जवळ जवळ कोरडी राहिलेली पेट्रोलची वाट पूर्ववत् उरली नव्हती. टांकीच्या आंत गंज चढला होता. पेट्रोल भरतांच तो सुटून गाळणींत आला. जोडांतील बुचाच्या व चामड्याच्या चकत्या वाळून आखडल्या होत्या. त्या गळूं लागल्या. पंपाचा पडदा कडक होऊन चिरला होता. गॅससाठीं ज्यांनीं सिलिंडरचें डोकें घांसून दाब वाढवून घेतला होता, त्यांची इंजिनें हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर ठोके देऊं लागलीं, आणि अगोदर केलेली ठिणगी मागें घेण्यास जे विसरले त्यांचीं अधिकच. मालक पेट्रोलला दोष देत. दोष आपणच घांसलेल्या डोक्याचा आहे, हें शेवटीं ध्यानांत येई.

ह्यांत सर्वांत फसवा दोष तरंगत्या गोळ्याचा. बुचाचा गोळा पेट्रोल पिऊं नये म्हणून त्याला चपड्या लाखेचा हात देत असत. लाख ही मध्यप्रांताच्या जंगलांतील जुनी उपज. पळसावर व कुसुमावर ती होते. लाखेला पेट्रोल विरघळवूं शकत नाहीं, परंतु मद्यार्क विरघळवितो. सुताराचें पॉलिश तरी दुसरें काय असतें? इकडे साखरेच्या कारखान्यांतील मळीपासून मद्यार्क काढून तो पेट्रोलांत मिसळण्याचे उद्योग सुरू झाले होते, आणि १९४८ सालीं त्यासाठीं मध्यवर्ती कायदाहि झाला. असलें मिश्रण जुन्या कार्ब्युरेटरांत पडलें, कीं गोळ्यावरची लाख सुटे, बूच पेट्रोल पिऊन जड होई, गोळा बुडे, सुई उघडी राही, आणि पात्र वाहूं लागे. सुटलेली लाख बारीक छिद्रांत जाऊन बसे ती निराळीच. म्हणजे एकच गाडी एका वेळीं वाहतेहि आहे आणि उपाशीहि मरते आहे! नवी सुई बसवून पाहणारा कितीहि सुया बदलो, त्याला यश नव्हतें.

ट्रॉम्बे येथें १९५४ व १९५५ सालीं दोन मोठे शुद्धीकरणाचे कारखाने चालूं झाले, डिझेलच्या बसगाड्या खेड्यांपर्यंत पोंचल्या, आणि कोळशाची भट्टी भंगारांत गेली. मद्यार्क मात्र परत आला आहे. इथेनॉल ह्या नांवानें पेट्रोलांत सरासरी २० टक्के मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें २०२५ सालीं गाठलें, आणि तो उसाप्रमाणेंच तांदुळापासूनहि काढला जातो. ज्या मुलखाला युद्धांत धानाचें तूस कामास आलें नाहीं, त्याच्या पिकाची जात आतां मोटारीच्या पोटांत शिरली आहे. १९५७ पासून २०१४ पर्यंत निघालेल्या अँबॅसडर गाड्यांपैकीं ज्या जुन्या गाड्या अजून जिवापाड जपून ठेवलेल्या आहेत, त्यांच्या मालकांस ह्या मिश्रणाचा अनुभव घ्यावा लागतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात व आंतून सुटतात, पंपाचा पडदा मऊ पडतो, टांकींतील वर्षांनुवर्षांचा गाळ सैल होऊन गाळणींत येतो, आणि इथेनॉलला पेट्रोलपेक्षां हवा कमी लागत असल्यामुळें जुन्या छिद्राच्या मापानें मिश्रण पातळ पडतें व गाडी खोंकूं लागते. नवा पंप आणून बसविल्यास तो पहिल्याच आठवड्यांत निकामी झाल्यासारखा वाटतो. जाणता मिस्त्री त्याला हात लावीत नाहीं. तो प्रथम टांकीचें झांकण उघडून हवेचा फुस्कारा येतो कीं काय तें ऐकतो. मग इंजिन थंड असतांना कार्ब्युरेटराशीं नळी सोडवून तिचें टोंक बाटलींत धरतो, इंजिन चार फेरे फिरवावयास सांगतो, आणि बाटलींत किती पेट्रोल आलें, तें कोणत्या रंगाचें आहे, आणि तळाशीं काय बसलें आहे, हें उजेडाकडे धरून पाहतो.